बारीक पायांवर एवढा भार पेलतो कसा?

फुलचूर आणि गोंदिया यांच्यातली हद्द आता नकाशातच शोधावी लागते. शहर पसरत आलं, धानाच्या बांध्यांचे प्लॉट पडले आणि त्यांवर दहा बाय बाराच्या खोल्यांची घरं उभी राहिली. अशा घरासाठी सामान घ्यायला निघालेल्या कुटुंबात एक संवाद हमखास होतो. नातीला मोबाइलवर दिसलेलं टेबल आवडलेलं असतं: पातळ फळी, खाली काळ्या लोखंडी सळईचे चार पाय, बाकी काही नाही. आजोबा ते न्याहाळतात आणि म्हणतात, ''काड्यायवर फळी ठेवली हाये हे. कोणी रेलून बसला तं?''

सागवानाचे जाडजूड खांब बघत वाढलेल्या माणसाला पडणारा हा रास्त प्रश्न आहे. गरजेपुरतंच सामान आणि त्या सामानातही गरजेपुरतंच साहित्य, या विचाराला आज मिनिमलिझम म्हणतात. बारीक, सरळ, लांब दांडे ही त्याची ओळखीची खूण. हे दांडे कसे टिकतात आणि कुठे दगा देतात, हे एकदा कळलं की आजोबांना उत्तर देता येतं. शिवाय अशा दांड्यांसाठी गोंदियाच्या माणसाला फार लांब बघावं लागत नाही, हेही लक्षात येतं.

1. जमीन दिसते तेवढी खोली मोठी

दहा बाय बाराची खोली म्हणजे 120 चौरस फूट. त्यात सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा पेटीचा दिवाण टाकला की 24 चौरस फूट, म्हणजे खोलीचा पाचवा हिस्सा, फरशीसकट नजरेआड होतो. त्याच मापाचा दिवाण दहा इंच उंच बारीक पायांवर ठेवला तर जागा तेवढीच अडते, पण फरशी त्याच्याखालून थेट भिंतीपर्यंत जाताना दिसते. खोली केवढी, याचा अंदाज डोळा बऱ्याच अंशी जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या रेषेवरून बांधतो. ती रेषा झाकली गेली की खोली आखडते.

पेटीच्या दिवाणात गाद्या-गोधड्या मावतात, हे खरं. लहान घरात ही सोय मोलाची आहे. पण साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जमिनीला टेकलेल्या बंद पेटीत ओल धरते आणि श्रावणात गोधड्यांना कुबट वास येऊ लागतो. पायांवर उचललेल्या सामानाखाली वारा खेळतो आणि झाडूही फिरतो.

कमी सामानाची खोली विदर्भाला नवी नाही. सेवाग्रामच्या आश्रमात 1936 पासून गांधीजी राहिले. तिथली बापूकुटी माती, लाकूड, बांबू आणि कवेलू यांची आहे. आत बसायला चटई-गादी आणि लिहायला बुटकं डेस्क. आसपास जे मिळतं त्यातूनच बांधायचं आणि लागेल तेवढंच ठेवायचं, हा नियम त्या खोलीत आजही स्वच्छ दिसतो.

2. भार कुठून कुठे जातो

टेबलावर ठेवलेल्या वस्तूचं वजन आधी फळीवर येतं, फळीकडून तिच्याखालच्या आडव्या चौकटीवर, चौकटीकडून पायांत आणि पायांतून जमिनीत. वरच्या बांधीतलं पाणी जसं धुऱ्यावरून खालच्या बांधीत आणि तिथून आणखी खाली उतरत जातं, तसा हा प्रवास असतो. प्रत्येक टप्प्यावर वाट नीट ठेवली तर काही फुटत नाही. बारीक सामानाची सगळी विद्या ही वाट नीट ठेवण्यात आहे.

आडवा दांडा आणि उभा दांडा यांच्यावर वेगवेगळा प्रसंग येतो. आडवा दांडा वाकतो. उभा दांडा दाबला जातो आणि दाब फार झाला की मधेच एका बाजूला फुगतो. बांबूची फूटभर काडी जमिनीवर उभी धरून वरून अंगठ्याने दाबली की हे दिसतं: काडी मोडण्याआधी धनुष्यासारखी बाहेर येते. तीच काडी निम्मी तोडून दाबली तर फार जास्त जोर लावावा लागतो. हिशेब असा, की लांबी निम्मी केली तर फुगण्याआधी पेलला जाणारा भार चौपट होतो.

आडव्या दांड्याचा हिशेब सुतारांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. 50 मिलिमीटर रुंद आणि 18 मिलिमीटर जाड लाकडी पट्टी दोन टेकूंवर आडवी ठेवली तर ती सहज लवते. तीच पट्टी कडेवर उभी ठेवली तर जवळपास पावणेआठपट ताठ होते. लाकूड तेच, वजन तेच, फक्त ठेवण बदलली. म्हणूनच कवेलूच्या घराचं मयाल उभट ठेवतात आणि चांगला सुतार पुस्तकांच्या पातळ फळीखाली समोरच्या कडेला एक उभी पट्टी ठोकतो. समोरून बघणाऱ्याला एक नाजूक रेघ दिसते, पण फळीला खरा टेकू तिचाच असतो.

फळीच्या लांबीबाबत मात्र फार सांभाळावं लागतं. तीन फुटांची फळी जेवढी लवते, तिच्या सोळापट तेवढ्याच जाडीची सहा फुटांची फळी लवते, प्रत्येक फुटावर पुस्तकं तेवढीच असली तरी. मोबाइलवरच्या चित्रात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलेली पातळ फळी सुरेख दिसते, कारण चित्रात तिच्यावर एक फुलदाणी ठेवलेली असते. घरात तिच्यावर शालेय पुस्तकांची रास येते.

3. वजनापेक्षा डुगडुग वाईट

आता आजोबांच्या काड्यांकडे वळू. 12 मिलिमीटर जाडीची भरीव लोखंडी सळई, लांबी 70 सेंटिमीटर, म्हणजे साध्या टेबलाच्या पायाएवढी. तिची दोन्ही टोकं जागची हलू दिली नाहीत, तर फुगण्याआधी ती एकटी 400 किलोहून जास्त भार पेलू शकते. चार पायांचा हिशेब कुटुंबाच्या एकत्रित वजनाच्याही पुढे जातो.

पण टोकं हलू दिली नाहीत तर, ही अट मोठी आहे. वर फळीला घट्ट जोडलेला आणि खाली फरशीवर नुसता टेकलेला पाय, सगळं टेबलच एका बाजूला कलू शकत असेल, तर त्याच सळईवर चौथाच हिस्सा भार पेलतो, म्हणजे शंभरेक किलो. तोही कागदावर. प्रत्यक्षात कोणी रेललं, टेबल ओढलं, पोरानं त्याच्यावर उडी मारली, की भार तिरका येतो आणि सगळा ताण पाय आणि फळी जिथे जोडले आहेत त्या बोटभर जागेवर गोळा होतो. बारीक पायाचं टेबल बहुतेक वेळा पाय तुटून पडत नाही. त्याचे स्क्रू सैल होतात, वेल्डिंगचा टाका सुटतो, भुशाच्या बोर्डातली भोकं मोठी होतात.

यावर इलाज आडव्या दांड्याचा किंवा त्रिकोणाचा. दोन पायांना खालून एक सळई जोडली की कलणं कमी होतं. त्याहून चांगला त्रिकोण. चार काड्या चार खिळ्यांनी जोडून केलेला चौकोन बोटाने ढकलला की तिरपा होतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र काड्या मोडल्याशिवाय आकार सोडत नाही. केसांच्या आकड्यासारख्या दिसणाऱ्या, खाली निमुळत्या आणि वर फाकलेल्या सळईच्या पायांची कल्पना हेन्री ग्लास या डिझायनरने 1941 साली आणली. बोटभर जाडीची एकच सळई वाकवली की फळीखाली ती दोन ठिकाणी जोडली जाते आणि मधे अरुंद त्रिकोण तयार होतो. तो त्रिकोण एकाच दिशेचं कलणं थोपवतो, म्हणून कोपऱ्यात हे पाय तिरके लावायचे असतात. हे माहीत नसलेले कारागीर चारही पाय एकाच दिशेला लावतात आणि टेबल दुसऱ्या दिशेला हेलकावत राहतं.

4. पोकळ दांडा जास्त ताठ का

वर्तमानपत्राचं एक पान उभं राहत नाही. त्याचीच सैल गुंडाळी करून दोरा बांधला तर तिच्यावर पुस्तक ठेवता येतं. दांडा वाकतो तेव्हा त्याची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते, अगदी मधल्या भागाला फारसं काम उरत नाही. म्हणून मधलं साहित्य काढून बाहेरच्या कडेला नेलं तर तेवढ्याच वजनात दांडा कितीतरी ताठ होतो.

याचा हिशेब फॅब्रिकेशनच्या दुकानात बसून करता येतो. सळईच्या वजनाचं सूत्र बांधकामावरच्या प्रत्येक मुकादमाला पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले 162. 12 मिलिमीटरची सळई म्हणजे 144 भागिले 162, मीटरला साधारण 890 ग्रॅम. एक इंची गोल पाइप, पत्र्याची जाडी 1.6 मिलिमीटर, मीटरला साधारण 920 ग्रॅम भरतो. वजन जवळजवळ सारखं, पण पाइप सळईच्या आठपट ताठ असतो.

मार्सेल ब्रॉयरने 1925 साली जर्मनीच्या बाउहाउस शाळेत सायकलच्या हँडलवरून सुचलेली पोलादी नळ्यांची खुर्ची केली, ती याच गुणावर. आज शाळा-कचेऱ्यांत दिसणारी नळीची खुर्ची त्याच घराण्यातली.

पाइपचा एक दोषही आहे. वाकवताना तो चपटा होतो आणि एकदा चपटा झाला की ताठपणा गेला. म्हणून कारागीर पाइपात वाळू ठासून भरतात, टोकं बंद करतात आणि मग वाकवतात. हीच अडचण निसर्गाने वेगळ्या रीतीने सोडवली आहे, ते पुढे येतं.

5. बाजेच्या खुराजवळ

लोखंडाच्या आधीही बारीक दांड्यांचं उत्तम फर्निचर घरोघरी होतं. दोरीने विणलेली बाज कोणीही एकट्याने उचलून अंगणात नेतो, आणि त्याच बाजेवर तिघं-चौघं बसतात.

जुन्या बाजेचा खूर जवळून पाहण्यासारखा असतो. खराद्यावर कातलेला हा पाय खाली निमुळता असतो, वर मुठीएवढाच, आणि मधे एका जागी मात्र ठसठशीत जाड. त्या जाड जागी दोन गातं, म्हणजे बाजेच्या चौकटीचे आडवे दांडे, येऊन शिरतात. खुरात खाच कोरलेली असते, गाताच्या टोकाला तिच्यात बसणारं कुसू असतं. खाच कोरली म्हणजे लाकूड कमी झालं, म्हणून तिथेच लाकूड जास्त ठेवलं. बाकी ठिकाणी गरज नव्हती, तिथे कातून काढलं. विणलेली दोरी चारही गातांना आत ओढते आणि त्या ओढीनेच कुसू खाचेत घट्ट बसतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला की लाकूड आक्रसतं, सांधे ढिले होतात. मग पायथ्याची दोरी ओढून बाज पुन्हा कसता येते. स्क्रूच्या टेबलात ही सोय नाही.

युरोपातल्या दोन नावाजलेल्या खुर्च्या या बाजेशेजारी ठेवून बघाव्यात. मायकेल थोनेटची 14 नंबरची खुर्ची 1859 सालची. बीच लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून वाकवायच्या, सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यात मावत आणि आगबोटीने जगभर जात. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या खुर्च्या याच जातीच्या. दुसरी इटलीच्या जिओ पोंटीची, 1957 सालची 'सुपरलेजेरा', वजन फक्त 1.7 किलो. तिचे पाय गोल किंवा चौकोनी नसून तिकोनी आहेत, एक बाजू अवघी 18 मिलिमीटर. कोनामुळे सांध्याला पुरेसं लाकूड मिळतं आणि समोरून पाय आणखीच बारीक दिसतो. बाज विणणाऱ्या माणसाला या दोन्ही खुर्च्यांमधली हिकमत सांगावी लागली नसती.

6. जंगलात उगवणारा तयार दांडा

पूर्व विदर्भाच्या जंगलात बारीक, लांब, हलका आणि ताठ दांडा आपोआप उगवतो. बांबूच्या इथल्या मुख्य जातीला मानवेल म्हणतात. ती साधारण आठ ते सोळा मीटर वाढते आणि जाडी अडीच ते आठ सेंटिमीटर. बारा मीटर उंच, पाच सेंटिमीटर जाड अशा बांबूची उंची जाडीच्या 240 पट झाली, आणि वाऱ्यात झुलत तो वर्षानुवर्षं उभा असतो.

त्याची रचना पाइपासारखी, पण पाइपाहून सरस. कणखर धागे आतल्या बाजूपेक्षा बाहेरच्या सालीकडे दाटलेले असतात, म्हणजे जिथे ताण जास्त तिथे ताकद जास्त. आणि ठरावीक अंतरावर गाठ. प्रत्येक गाठीत आतून आडवा पडदा असतो, तो नळीला चपटं होऊ देत नाही. फॅब्रिकेटर वाळू भरून जे तात्पुरतं साधतो, ते बांबूत कायमचं असतं.

बुरूड कारागीर बांबू फोडतो तेव्हा धाग्यांची दिशा उघड दिसते. कोयत्याने टोकाला चीर दिली की बांबू लांबीत सरळ उकलत जातो. चीर एका बाजूला सरकून कामटी पातळ होऊ लागली, की तो पात्याला हात न लावता जाड राहिलेली बाजू बाहेर वाकवतो आणि चीर पुन्हा मधोमध येते. हे सगळं नजरेपेक्षा बोटांनी चालतं. सूप, टोपली, तट्टे यांसाठी लागणारी एकसारखी कामटी अशी निघते. पट्ट्यांचं फर्निचर करायला यंत्रावर जे साधावं लागतं, ते कौशल्य या समाजाच्या हातात आधीपासून आहे. त्याची किंमत मात्र अजून टोपलीच्या भावातच होते, आणि ही गोष्ट बदलायलाच हवी.

धागे फक्त लांबीत असल्यामुळे बांबूत खिळा ठोकला की तो फाटतो. आधी भोक पाडावं लागतं, किंवा आत लाकडी गुल्ला घालून बोल्ट घ्यावा लागतो, किंवा बांधावं लागतं. इथे मानवेलीचा एक गुण उपयोगी पडतो: कोरड्या, खडकाळ जमिनीत ती जवळजवळ भरीव वाढते. भरीव दांड्याला लाकडासारखं कुसू काढता येतं, स्क्रूही धरतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले प्रा. एम. पी. रंजन यांनी त्रिपुरातल्या कतलामारा इथल्या अशाच भरीव बांबूपासून बारीक पायांच्या साध्या, सुटसुटीत खुर्च्या आणि स्टुलं घडवून दाखवली. जात वेगळी, पण युक्ती मानवेलीलाही लागू पडण्यासारखी.

महाराष्ट्रातही पाया पडलेला आहे. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं आणि कोरकू तरुणांना या कामात आणलं. कोकणात कुडाळला कोनबॅक ही संस्था बांबूचं फर्निचर आणि घरं करते. गोंदियाला सर्वांत जवळचं मोठं ठिकाण चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र, 2014 सालचं. कायद्याची अडचणही सैल होत गेली. 2011 मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला. 2017 साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. फुलचूरच्या शेतकऱ्याने धुऱ्यावर बांबू लावला तर तो तोडून विकायला या कायद्याचा अडसर आता राहिलेला नाही.

बांबूचा मोठा वैरी म्हणजे त्यातल्या पिठूळ अंशावर जगणारा भुंगेरा. तो आतून पोखरतो आणि दांड्याखाली बारीक पीठ पडू लागतं. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून तो पिठूळ अंश धुऊन काढणं ही जुनी पद्धत. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवणं ही नवी. दोन्ही स्वस्त आहेत, फक्त सबुरी लागते.

7. पट्ट्यांचा पडदा

बैठकीतून स्वयंपाकघर थेट दिसू नये, पण उजेड अडू नये, यासाठी उभ्या पट्ट्यांचं पार्टिशन लावतात. यात भूमितीचा एक छोटा उपयोग आहे. 40 मिलिमीटर खोल पट्ट्या 20 मिलिमीटरच्या फटी ठेवून लावल्या, तर समोर उभ्या असलेल्याला पलीकडचं दिसतं, आणि सत्तावीस अंशांहून जास्त तिरकं उभं राहिलं की काहीच दिसत नाही. दारातून येणारा पाहुणा कुठे उभा राहतो हे पाहून पट्ट्यांची खोली ठरवावी. भिंतीला लागणारा विटांचा खर्च आणि खोलीचा उजेड, दोन्ही वाचतात.

8. विकत घेण्यापूर्वी

टेबल वजन ठेवून तपासण्यात फारसा अर्थ नाही, कारण सरळ वजन ते पेलणारच. फळीची कड धरून ते आधी लांबीच्या दिशेने आणि मग रुंदीच्या दिशेने हलकेच ढकलावं. थरथरून लगेच थांबलं तर ठीक, हेलकावत राहिलं तर सांधे कमजोर. मग टेबल उलटं करून बघावं: पायाची पट्टी किती स्क्रूंनी बसली आहे, आणि ते स्क्रू लाकडात आहेत की भुशाच्या बोर्डात. बोर्ड असेल तर आरपार बोल्ट मागावा. वेल्डिंगचा टाका पाइपाभोवती पूर्ण फिरलेला हवा, दोन ठिपक्यांवर सोडलेला नको. पाइपाची खालची टोकं रबरी बुचांनी बंद असावीत, नाहीतर पुसण्याचं पाणी आत जाऊन गंज आतूनच चढतो.

बांबूची खुर्ची असेल तर तिच्याखालच्या फरशीवर पीठ पडलंय का ते पाहावं आणि दांड्यावर टाचणीएवढी भोकं शोधावीत. बांबू कोवळा नको, निदान तीन वर्षांचा हवा. पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात तोडलेला बरा, कारण तेव्हा त्यात पिठूळ अंश कमी असतो. दुकानदाराला बांबूचं वय, तोडणीचा महिना आणि मुरवण्याची पद्धत सांगता येत असेल, तर आजोबांना त्या खुर्चीवर बसवून बघायला हरकत नाही.